वाचक विचारतात : विरजण, भाकर आणि प्रभुभोजनाचा पेला

नाताळच्या अंकात मी पंडिता रमाबाईंनी केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनबद्दल जेमतेम पाऊण पान लिहिलं होतं. माझी आजी १९०० सालच्या दुष्काळात तिथे आलेली अनाथ पोर होती आणि पुढे तिथल्या छापखान्यात ती अक्षरांचे खिळे जुळवायची, एवढंच त्यात होतं. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा अजून उशाशी आहे. काही प्रेमाची, काही रागाची, एकात तर नुसतं ‘बाटगे’ एवढाच शब्द, खाली सही नाही. सही असलेल्यांना उत्तर देते. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे पत्रातले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केल्याशिवाय मजकूर डोक्यात शिरत नाही. म्हणून उशीर झाला. (‘बाटगे’चं शुद्धलेखन मात्र बिनचूक होतं.)

प्रश्न : कॉलेजच्या वादविवादात मी म्हटलं, की जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती मिशनऱ्यांच्या शाळा बघून. अर्धा वर्ग अंगावर आला. इकडे आमच्या चर्चमधले एक काका म्हणतात, ‘फुले मनाने ख्रिस्तीच होते.’ खरं काय धरू?
— एक विद्यार्थिनी, पुणे

बाळ, तू बोललीस ते खोटं नाही, अर्धं आहे. काकांचं पाव आहे.

सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली. लग्न न झालेली एकटी बाई परदेशात धाडायची, हे तिला धाडणाऱ्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेलाही नवंच होतं. १८३९ ला ती आमच्या नगरला आली आणि १८६२ ला नगरलाच वारली. मुलींच्या शाळा काढायच्या आणि चालवायच्या, हाच तिचा जन्मभराचा उद्योग. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला असत. त्यांच्याकडे गेले असताना जोतीरावांनी फॅरारबाईंच्या शाळा पाहिल्या. ही मिशनवाल्यांची फुशारकी नव्हे, खुद्द जोतीरावांनी सांगितलेली गोष्ट आहे आणि ती सप्टेंबर १८५३ च्या ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापलेली आहे. शिवाय त्यांचं स्वतःचं इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालं. हे लपवावं असं जोतीरावांना वाटलं नाही, मग तुझ्या वर्गाला का वाटावं?

आता राहिलेलं अर्धं. विरजण शेजारणीकडून आणलं म्हणून दही काही शेजारणीचं होत नाही. मिशनची मुलींची शाळा मुंबईत १८२४ पासून होती. १८४८ ला भिडेवाड्यात घडलं ते निराळं. माळ्याच्या एका पोराने बायकोला घरी शिकवून मास्तरीण केलं. सावित्रीबाईंचा पुढचा अभ्यास सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी घेतला. आडनावं बघून ठेव, वादविवादात उपयोगी पडतील. फॅरारबाईंना विरोध झाला नाही असं नाही, पण मडमबाईच्या मागे कंपनी सरकारची सावली होती. जोतीराव-सावित्रीबाईंना घरातून बाहेर पडावं लागलं ते सख्ख्या बापाच्या, सासऱ्याच्या शब्दावरून.

आणि मुक्ता साळवे वाचलीस का? जोतीरावांच्या शाळेतली मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. तिने मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदया’ने छापला. ‘ज्ञानोदय’ म्हणजे मिशनचं पत्र, १८४२ ला नगरमध्येच सुरू झालेलं. मुक्ता विचारते, वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते बघायची सोय नाही. म्हणजे आम्हाला धर्मपुस्तकच नाही. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. मी हा निबंध नववीच्या पोरींना दरवर्षी वाचून दाखवायचे, अभ्यासक्रमात नसताना. दरवर्षी एखादी पोर विचारायची, ‘बाई, मग ती ख्रिस्ती झाली का?’ निबंधात तसं एक अक्षर नाही. तिने प्रश्न विचारला आणि तिथेच ठेवला. छापणाऱ्यांनीही खाली ‘उत्तर आमच्याकडे मिळेल’ अशी शेपटी जोडण्यापेक्षा प्रश्न छापला, हे मला त्यांच्या शंभर प्रवचनांपेक्षा मोठं वाटतं.

काकांना माझा सलाम सांग. जोतीरावांना येशूविषयी ओढ होती, बळीराजाच्या रूपात ते त्याला पाहत. पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि १८७३ ला जो समाज काढला तो सत्यशोधक. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ ला आलेल्या पुस्तकात त्यांनी एक घर रंगवलंय. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली गोडीने नांदतात. काकांना विचार, त्या घरातला नवरा तेवढा आपला धरून चालेल का?

प्रश्न : आपल्या आजीविषयी आदर आहे. परंतु भुकेल्या मुलीला भाकर देऊन तिचा धर्म बदलणे ही समाजसुधारणा की सौदा? रानडे-टिळकांसारखी माणसे पंडिता रमाबाईंच्या विरोधात उगाच गेली नव्हती.
— एक निवृत्त वाचक, दौंड तालुका

तुमचं पत्र तीनदा वाचलं. रागाने लिहिलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गाठ सोडवू. तुम्ही दोन संस्था एकत्र केल्यात. रानडे-टिळकांचं प्रकरण घडलं ते शारदा सदनात. माझी आजी गेली ती मुक्तीत. दोहोंत सहा-सात वर्षांचं अंतर आहे आणि भूमिकेत त्याहून जास्त.

शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती होऊन पाच वर्षं उलटली होती. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. सदनासाठी त्यांनी अमेरिकाभर हिंडून व्याख्यानं दिली, बॉस्टनला मंडळ उभं राहिलं आणि दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली. इथे अट अशी, की उच्चवर्णीय विधवांना शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात बसले ते या अटीवर. रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली आत येऊन बसू लागल्या. १८९३ ला बोंब झाली, सल्लागारांनी राजीनामे दिले, ‘केसरी’ने तोफ डागली, पालकांनी मुली काढून नेल्या. (‘केसरी’चे टिळक म्हणजे लोकमान्य. नगरकडे नुसतं ‘टिळक’ म्हटलं की कवी टिळक, नारायण वामन. माझ्या आईला शाळेत जाईपर्यंत दुसरेही कुणी टिळक आहेत हे ठाऊकच नव्हतं.)

ते उघडं दार निव्वळ भाबडं होतं असं मी म्हणणार नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी, केस काढलेल्या, सासर-माहेर दोन्हीकडे नकोशा. जगात त्यांना ‘जेवलीस का’ विचारणारी एकच बाई, ती दार उघडं ठेवून डोळे मिटून बसते. पोरी आत जाणारच, आणि हे रमाबाईंना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. रानड्यांचा राजीनामा मी समजू शकते. त्यांनी समाजाला शब्द दिला होता. ‘केसरी’चं तसं नाही. मुलींचं शिक्षणच त्यांना नको होतं, धर्मांतर हे आयतं हाती लागलेलं कोलीत. आणि शारदा सदनात गेली ती बाटली, हेही खरं नाही. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने १८९३ लाच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, ती आनंदीबाई कर्वे झाली, हिंदूच राहिली. कर्व्यांनी १८९६ ला विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा शारदा सदनाचं काय जमलं आणि कुठे बिनसलं, हे त्यांच्या घरातच कुणीतरी सांगणारं होतं.

आता मुक्ती. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडे गेल्या. त्या स्वतः दुष्काळाच्या पोर होत्या. आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले, भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. मध्य प्रांतातून त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणल्या. पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या मुली ठेवायला मनाई, म्हणून केडगावच्या शेतावर. मग १९०० ला गुजरातचा दुष्काळ. तिथून आणखी आल्या आणि आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. इथे ‘धर्म शिकवणार नाही’ असा शब्द कुणाला दिलेला नव्हता. मुक्ती उघड उघड ख्रिस्ती होती. तेव्हा तुमचा प्रश्न इथे खरा लागू होतो, आणि तो मी आजीला विचारलेला आहे, तुमच्यापेक्षा वाईट शब्दांत.

आठवीत होते. वर्गातली एक मुलगी भांडणात मला ‘भाकरीची ख्रिस्तीण’ म्हणाली. घरी येऊन दप्तर टाकलं आणि आजीला म्हटलं, ‘तुला भाकर देऊन बाटवलं ना?’ आजी सुपात तांदूळ घेऊन खडे काढत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

‘भाकर नाही दिली,’ ती म्हणाली. ‘पहिले कितीतरी दिवस कांजी दिली. वाटीभर, तीही चमच्याने. शेजारच्या पोरीने कुणाच्या हातची भाकर ओढून खाल्ली, ती रात्रीत मेली. भाकर दिली असती तर मी पण मेले असते.’

‘आणि धर्म?’

‘तो कुणी विचारला नाही गं. जन्मताना आईने तरी कुठे विचारला होता?’

परत खडे.

हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, मला माहीत आहे. सहा वर्षांच्या पोरीची संमती कशी धरायची? तिचा मूळ धर्म सांभाळायला हवा होता, हा तुमचा आक्षेप मी खोडून काढत नाही. फक्त तिचं मूळ काय, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आजीला गाव आठवत नव्हतं, आईचं नाव आठवत नव्हतं. दुष्काळाने ते सगळं नेलं होतं. जन्मभर मराठी बोलली, पण भाकरीला शेवटपर्यंत ‘रोटलो’ म्हणायची, आणि त्या सालाला, म्हणजे संवत १९५६ ला, ‘छप्पनियो’. एवढंच गुजरात तिच्याकडे शिल्लक होतं.

तुम्ही सौदा म्हणता, म्हणून मुक्तीने तिला काय दिलं तेही सांगते. तिला अक्षर दिलं, आणि साधं नव्हे, शिशाचं. खिळे जुळवणाऱ्या माणसाला अक्षर उलटं बघायची सवय लागते. मी पाटावर बसून अभ्यास करायचे, समोर आजी भाजी निवडत असायची, आणि तिकडूनच म्हणायची, ‘तिसऱ्या ओळीत वेलांटी चुकली.’ माझं पुस्तक तिच्या बाजूने उलटं, तरी तिला सरळ वाचता यायचं. वडील वर्तमानपत्र वाचायला बसले की समोर बसून तीही वाचायची. पान उलटायची घाई केली की वडिलांवर ओरडायची. १९०० साली रस्त्याकडेला पडलेली पोर. त्या काळी आमच्या तालुक्यात वाचता येणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात, उलटं वाचणारी तर एकच.

ती जुळवत होती ते रमाबाईंचं बायबल. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेलं संपूर्ण भाषांतर, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. छपाईही मुक्तीतल्या बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, पुस्तक पुरं होऊन बाहेर पडलं ते १९२४ ला.

आणि त्या कुणाच्या गळाला लागलेल्या होत्या असं तुम्हाला वाटत असेल, तर वाँटेजच्या मठातल्या सिस्टरबाईंशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार मिळवून वाचा. अंगावर घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, मला न कळणारी भाषा मी का मिरवू, संस्कृत का नको? एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी १८८५ ला स्वच्छ कळवलं. मांसाहार केला नाही तो नाहीच. १८९७ ला पुण्याच्या प्लेगच्या छावणीत बायकांचे काय हाल होतात, यावर त्यांनी सरकारविरुद्ध पत्र लिहिलं आणि त्यावरून विलायतेपर्यंत खळबळ झाली. सरकार ख्रिस्ती, लिहिणारी ख्रिस्ती. जोतीरावांनीही १८८५ ला ‘सत्सार’मध्ये या बाईची बाजू घेतली, कारण ती कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या विचाराने गेली, हे त्यांना दिसत होतं. माझं म्हणाल तर, हा हट्टीपणा तिला येशूने दिला की अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्या बापालाही लोकांनी कमी छळलं नव्हतं.

प्रश्न : केडगाव कुठे आहे? जाता येईल का?
— एक वाचक, नागपूर

पुणे-दौंड लोहमार्गावर, दौंड तालुक्यात. नगरला लागून एक केडगाव आहे, ते वेगळं. माझे एक मेहुणे तिथे उतरून दोन तास ‘मुक्ती कुठंय’ विचारत हिंडले. मुक्ती आजही चालू आहे, तिथे बायका-मुलं राहतात, म्हणून आधी विचारून जा आणि कॅमेरा पिशवीत ठेवा.

प्रश्न : बाई, सव्वाशे वर्षांपूर्वीचं किती उगाळणार? आजच्या चर्चने समाजासाठी काय केलं ते सांगा. शाळा-दवाखाने सोडून.
— एक वाचक, विरार

विरारचा माणूस हे नगरच्या बाईला विचारतो, म्हणजे कमालच. घराजवळची एखादी जुनी विहीर बघा आणि ती का वाचली ते शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा. सिडकोच्या आराखड्याने तुमच्या वसईच्या वाड्या, बावखलं (जुनी गोड्या पाण्याची तळी) बिल्डरांना मोकळी होऊ लागली, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या पुढे कोण होतं? फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. त्यांच्याबरोबर हिंदू होते, मुसलमान होते, आगरी, कुपारी, वाडवळ, सगळे. धाकदपटशाही बऱ्यापैकी सोसली त्यांनी. हेच फादर २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काहींना त्यांचा झगा दिसला, मराठी दिसली नाही. २०२४ च्या जुलैत ते गेले. ते कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या आजीच्या पिढीत हे एकमेकांच्या देवळात पाऊल टाकत नसत. मी त्यांचं लिखाण वहीत उतरवून ठेवलेलं आहे.

आमच्या नगरकडचं एक नाव देते, फादर हर्मन बाखर. स्विस जेझुइट, म्हणजे तेही कॅथलिकच; आयुष्यातली कितीतरी वर्षं इकडच्या कोरडवाहू गावांत. पाणलोटाचं काम. गावाने श्रमदान केलं, मोकाट चराई आणि झाडतोड बंद केली, तरच पुढचं बोलायचं. १९९३ ला त्यांनी सहकाऱ्यांबरोबर वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभी केली. बांधबंदिस्ती करताना कुणाचा धर्म विचारायचा प्रश्नच नव्हता. पाणी चढावरून उताराला जातं, धर्म बघून जात नाही.

प्रश्न : आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मला आमच्याच चर्चमधली एक मुलगी पसंत आहे, ती नर्स आहे. आई म्हणते, ‘मुलगी चांगली आहे, पण ते लोक वेगळे.’ म्हणजे आम्ही महारवाड्यातून चर्चमध्ये आलो आणि ते मांगवाड्यातून. आई दर रविवारी पहिल्या बाकावर असते. हे कसलं ख्रिस्तीपण?
— एक तरुण, नगर जिल्हा

सलाम बाळा. तुझं पत्र गठ्ठ्यात सगळ्यात वर होतं, मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं. कारण बाकीच्यांना उत्तरं देताना माझी मान ताठ होती.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, दर तीन-चार वर्षांनी बदली. एका गावी, नाव सांगत नाही, चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. खाली बस्करं. पुढे एका वाड्याची मंडळी, मागे दाराशी दुसऱ्या वाड्याची. कुणी कुणाला तसं सांगितलेलं नव्हतं, सगळ्यांना आपापली जागा ठाऊक होती. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळी भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात तेव्हा, एकच पेला, पितळी, कल्हई केलेला. पाळकसाहेब तो पुढून मागे फिरवायचे. दाराशी बसलेल्यांपर्यंत पोचेस्तोवर तो जवळजवळ रिकामा झालेला असायचा. मी लहान होते, मला वाटायचं, मागच्यांना तहान कमी असेल. पुढे काही वर्षांनी छोट्या छोट्या काचेच्या पेल्या आल्या, प्रत्येकाला आपली. आरोग्यासाठी, असं जाहीर झालं. तेव्हा मंडळीत जो सुटकेचा श्वास पडला तो जंतूंच्या भीतीचा होता की आणखी कसला, हे मी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, ‘गप्प बस.’ मास्तर माणूस, सहसा प्रश्न विचारू नको म्हणायचा नाही.

कवी टिळक ख्रिस्ती झाले तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कितीतरी दिवस आपलं पाणी वेगळं ठेवलं होतं. मग एकदा त्या विचार करत बसल्या, आणि विचार करता करताच जात गळून पडली, बाप्तिस्म्याच्या आधी. आमच्यात उलटं झालं. बाप्तिस्मा आधी झाला, विचार राहून गेला.

तू म्हणशील, सरकारनेही तेच केलं. खरं आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदूंतल्या, असं ठरलं. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. ‘तुमच्या धर्मात जात नाही ना, मग सवलत कशाला?’ असं आम्हाला ऐकवतात. मोर्चात मी दोनदा गेले आहे, फलक धरून, ‘धर्म बदलला, जात गेली नाही’. आणि मोर्चातून परत येताना जीपमध्ये डबे उघडले, तेव्हा कुणाचा डबा कुणी घेतला आणि कुणाचा तसाच फिरून परत गेला, तेही बघितलं आहे. सरकारशी मी अजून भांडते. पण आपल्याकडची जात दिल्लीहून कुणी पाठवलेली नाही.

आता माझं. माझ्या मुलाने दहा वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं, की त्याने मुलगी बघितली आहे, आपल्यातलीच, ख्रिस्ती. मी काय विचारलं असेल? शिकलेली किती, नाही. स्वभाव कसा, नाही. मी म्हटलं, ‘मूळचे कुठले?’ तुला या प्रश्नाचा अर्थ कळतो, त्यालाही कळला. तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, ‘आई, तू दरवर्षी वर्गात तो मुक्ताचा निबंध वाचायचीस ना?’ आणि फोन ठेवला. मी त्या रात्री जेवले नाही. पश्चात्तापाने म्हणशील तर नाही, रागाने. पश्चात्ताप यायला चारेक महिने लागले.

म्हणून तुझ्या आईला ढोंगी म्हणू नकोस. तिला वचनं काढून दाखवू नकोस, तिला तुझ्यापेक्षा जास्त पाठ असतील, आणि ‘ख्रिस्तात सगळे एकच, भेद नाही’ हे गलतीकरांस पत्रातलं वचन तर तिने संडेस्कूलमध्ये शिकवलंही असेल. वाद घातलास तर ती जिंकेल. पाळकसाहेबांनाही मध्ये घालू नकोस. ते दोन्ही घरची वर्गणी घेतात, ते प्रार्थना करून निघून जातील.

एकच कर. मुलीच्या घरी आईला घेऊन जा, ‘बघायला’ म्हणून नव्हे. मुलगी नर्स आहे म्हणतोस, तर आईचा रक्तदाब तपासायचं निमित्त काढ; या वयात तो असतोच. तिथे चहा येईल. आई म्हणेल, ‘मी आत्ताच घेऊन आले.’ तू मध्ये बोलू नकोस. मुलीच्या आईला दुसऱ्यांदा आग्रह करू दे. माझ्या व्याह्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा बशी हातात धरून इतका वेळ बसले, की चहावर साय आली. विहीणबाईंनी काही न बोलता माझ्या हातातून तो कप घेतला, स्वतः पिऊन टाकला आणि मला दुसरा गरम आणून दिला.

तारीख ठरली की जाऊन या. आई चहा प्यायली का, तेवढं एका कार्डावर कळव.